वाट राखणाऱ्यांचा मुलूख

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत पाहण्यासारखे काय, असे विचारले तर उत्तर ठरून गेलेले आहे. माळशेज घाटातले धबधबे, नाणेघाटात वाऱ्याने वर उडणारा उलटा धबधबा, माहुलीचे सुळके, गोरखगडाच्या अंगावर येणाऱ्या पायऱ्या, डेहण्याचा आजोबा पर्वत, कसाऱ्याजवळच्या विहीगावचा धबधबा. यादी खरी आहे आणि तिच्यातल्या कुठल्याही ठिकाणी गेलेला माणूस रिकाम्या मनाने परतत नाही. पण या यादीने एक समजूत पक्की केली आहे. इथले सारे आकर्षण म्हणजे निसर्गाने आयते मांडून ठेवलेले दगड आणि पाणी, माणसाचे काम फक्त जाऊन पाहण्याचे, अशी ती समजूत. इतिहास वेगळे सांगतो. या दोन तालुक्यांतल्या बहुतेक नावाजलेल्या कड्यांना मोल आले ते तिथून जाणाऱ्या वाटेमुळे, आणि ती वाट चालू राहिली ती राखणाऱ्या माणसांमुळे. पाण्याची सोय, वाटेची राखण आणि राखणाऱ्याचा वाटा, या तीन गोष्टींवर इथली ये-जा शतकानुशतके उभी होती. आजचे पर्यटन हीसुद्धा त्याच वाटांवरची ये-जा आहे, पण त्या तिन्ही गोष्टी तिने वाऱ्यावर सोडल्या आहेत. आज इथे जे बिनसले आहे त्याचे मूळ मला यातच दिसते.

आधी भूगोल नीट पाहायला हवा. मुरबाड-शहापुरातून समुद्र दिसत नाही, तरी हा मुलूख कोकण किनाऱ्याचाच आहे. किनाऱ्याची मागची भिंत आहे म्हणा. उल्हास नदीच्या खाडीवर कल्याण बंदर, तिथून पूर्वेला काळू, भातसा आणि मुरबाडी नद्यांच्या खोऱ्यांतून हळूहळू चढत जाणारी भातशेतीची आणि जंगलाची जमीन, आणि मग एकाएकी समोर उभा राहणारा सह्याद्रीचा कातळ. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. थरांपैकी काही कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून आडवी पट्टी पडते, आणि उभ्या भेगांतून पावसाचे पाणी खाली धावते तिथे नाळ तयार होते. घाटवाटा बहुधा या नाळांतून आणि पट्ट्यांवरूनच चढतात. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा, तर या भिंतीत जिथे फट आहे तिथूनच नेणे भाग होते. म्हणून एरवी कुणी ढुंकून पाहिले नसते अशा अडचणीच्या जागा राज्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत भरल्या. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. आधी खुली असलेली ही बाजारपेठ राजकीय झगड्यामुळे अडली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. बंदर एवढे मोठे होते, तर त्याचा माल उचलणारी वाटही तेवढीच मोठी असणार, आणि ती होती.

ती वाट म्हणजे नाणेघाट. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून चढ सुरू होतो आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही अंगांनी कातळ जवळ येत जातो. माथ्याच्या अलीकडे, त्या अरुंद खिंडीच्या तोंडाशी, एक चौकोनी गुहा कोरलेली आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो, आणि त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ. हजारोंच्या संख्येने गाई, शिवाय घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या पुरुषभर उंचीच्या प्रतिमा होत्या. आज त्यांतल्या बहुतेकांचे उरले आहेत ते पावलांचे तुटके अवशेष आणि वर कोरलेली नावे: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिर, काही राजकुमार. लेखातले आकडे तर भारतीय अंकांच्या इतिहासातले फार मोलाचे साधन ठरले. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांवर मूलभूत काम केले. प्रश्न असा पडतो की हा लेख इथे का? यज्ञांची कीर्ती सांगायची तर प्रतिष्ठान राजधानी होती, जुन्नर हे भरभराटीचे शहर होते. तिथल्या एखाद्या देखण्या लेण्यात ती कोरता आली असती. राजघराण्याने आपल्या प्रतिमा उभ्या केल्या त्या मात्र घामाघूम होऊन चढणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर, कारण जास्तीत जास्त परदेशी आणि परप्रांतीय डोळे इथूनच जात होते. गुहेच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. राजाची मिरवणूक आणि वाटसरूचे पाणी एकाच कातळात, एकमेकांना लागून आहेत. वाट हीच इथली संपत्ती आहे, हे सातवाहनांना पक्के ठाऊक होते.

इथे एक हरकत येते आणि ती रास्त आहे. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात येणारे-जाणारे जकात टाकीत, अशी गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि प्रत्येक माहितीफलकावर ती वाचायला मिळते. या रांजणाचा तसा वापर होत होता असे सांगणारा लेख तिथे नाही. तो पाणी साठवण्याचाही असू शकेल. मग वाटेच्या वाट्याबद्दलचे माझे म्हणणे एका दंतकथेवर उभे नाही का? नाही, कारण रांजण बाजूला ठेवला तरी बाकीचा पुरावा जागेवर राहतो. गुहा, टाकी, लेख, माथ्याशी घाटावर नजर ठेवणारा जीवधन किल्ला, पलीकडे हडसर, चावंड आणि शिवनेरी, आणि जुन्नरच्या डोंगरांत कोरलेली दोनशेच्या आसपास लेणी, ज्यांच्या दात्यांत यवनही आहेत आणि धंदेवाल्यांच्या श्रेणीही आहेत. एवढा दगड फोडायला लागणारा पैसा कुणाच्या तरी मालावरच्या आकारणीतून आणि दानातूनच उभा राहिला असणार. लोकांनी रांजणाची गोष्ट पिढ्यान्पिढ्या जपली, यालाही अर्थ आहे. या घाटातून फुकट कुणी जात नसे, एवढी आठवण तिने टिकवली. लेखणीने न टिपलेली पण लोकांच्या तोंडी राहिलेली ही गोष्ट मी पुरावा म्हणून वापरणार नाही. ती पुराव्याशी जुळते, एवढे मात्र नोंदवायला हवे.

नाणेघाट सर्वांत प्रसिद्ध, पण तो एकटा नाही. मुरबाडच्या पूर्व सीमेवर दर काही मैलांवर एकेक वाट चढते: माळशेज, भोरांड्याचे दार, दाऱ्या घाट, आहुपे घाट. शहापुरात चोंढ्याचा घाट आणि उत्तरेला सर्वांत रुळलेला थळ घाट, ज्याला आज आपण कसारा घाट म्हणतो. काहींवरून लादलेला बैल जाई, काहींवरून डोक्यावर ओझे घेतलेला माणूसच जाऊ शके. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. धान्य, गूळ, घोंगड्या खाली येत. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या घाटांना जागा दिलेली आहे, ती त्यांच्या सौंदर्यासाठी नाही. कोणता घाट कशा ओझ्याला चालतो, हा त्या नोंदींचा प्रश्न होता. या वाटांच्या बाजूने जे किल्ले आणि गुहा आहेत त्यांकडे याच नजरेने पाहिले तर त्यांचा अर्थ लागतो. देहरी गावावरचा गोरखगड घ्या. गडाची उंची आणि विस्तार दोन्ही बेताचे. मोठी फौज तिथे राहूच शकत नाही. पण कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चढून गेले की सुळक्याच्या पोटात एक ऐसपैस गुहा लागते, जवळच पाण्याची टाकी, गुहेपुढे चाफ्याची झाडे आणि समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. त्या गुहेच्या तोंडाशी उभे राहिले की आहुपे घाटाकडे जाणारा सारा मुलूख नजरेखाली असतो. पायऱ्यांच्या बाजूला हात अडकवायला खोबणी खोदलेल्या आहेत, आणि त्या नेमक्या माणसाचा तोल जाईल अशा वळणावर आहेत. खोदणाऱ्याला चढणाऱ्याची काळजी होती. गोरखनाथांनी इथे साधना केली अशी श्रद्धा आहे आणि तिचा मान राखूनही म्हणता येते की साधकाला, पहारेकऱ्याला आणि वाटसरूला एकच गोष्ट हवी होती: वर्षभर टिकणारे पाणी आणि वाऱ्या-पावसात डोके टेकायला जागा.

माहुलीबद्दल कुणी म्हणेल, तो तर राजकारणाचा किल्ला, त्याचा वाटेशी काय संबंध? ठाणे जिल्ह्यातले हे एक उंच शिखर, माहुली, पळसगड आणि भंडारगड मिळून झालेले दुर्गत्रिकूट. निजामशाहीचा अखेरचा डाव इथेच संपला. शहाजीराजे निजामशाहीच्या बाल वारसाला घेऊन लढत होते. मोगल आणि आदिलशाही फौजांनी मिळून त्यांना घेरले आणि १६३६ साली माहुलीवर त्यांना तह करावा लागला. पुढे शिवरायांनी तो १६५८ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात द्यावा लागला, १६७० च्या आरंभी परत घेण्याचा प्रयत्न किल्लेदार मनोहरदास गौड याने हाणून पाडला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो जिंकला. पस्तीस वर्षांत एका डोंगरासाठी इतकी रस्सीखेच का झाली? माहुलीच्या पायथ्याशी भाताशिवाय फारसे पिकत नाही. खजिना नाही, बंदर नाही. आहे तो कल्याण-भिवंडीकडून थळ घाटाने नाशिककडे जाणारा रस्ता. माहुली ज्याच्या हाती, तो रस्ता त्याच्या धाकात. नवरा, नवरी, भटोबा ही सुळक्यांची नावे आज आसनगावला उतरणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतात, आणि तीही गोड आहेत. पण या सुळक्यांखाली माणसे मेली ती त्या रस्त्यासाठी.

आता राखणाऱ्यांकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तोच आहे. या कड्यांच्या माथ्यावर आणि पायथ्याशी महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आहे. शहापूरकडच्या मुलखाचे जुने नाव कोळवण होते. मराठेशाहीत घाटांवर आणि डोंगरी किल्ल्यांवर पहारा देण्याचे काम मोठ्या प्रमाणात महादेव कोळ्यांकडे होते. त्याबद्दल त्यांना वेतन, जमिनी आणि मानाचे हक्क मिळत. याचा अर्थ सारे आलबेल होते असा मुळीच नाही. पेशवाईतही कोळ्यांचे बंड झाले आणि ते निर्दयपणे मोडले गेले. वाटेवरची वसुली वाटसरूला जाचक होती, चौकीवरचा माणूस लुबाडतही असे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्यात एक गोष्ट मान्य होती: ज्याच्या दारातून वाट जाते त्याचा तिच्यावर हक्क आहे आणि तिची जबाबदारीही. १८१८ मध्ये राज्य गेले. इंग्रजांना डोंगरी किल्ल्यांची गरज नव्हती. राखणीच्या नेमणुका आणि हक्क कमी झाले, आणि १८२८ पासून कोळ्यांनी शस्त्र उचलले. १८४० च्या दशकात देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी पुन्हा उठाव केला. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सावकारी जाच हेही या उठावामागचे मोठे कारण होते आणि ते दडवण्यात अर्थ नाही. तरी ज्यांना त्याआधी सरकार दरबारी वाटेचे राखणदार म्हणून स्थान होते, त्यांना एका पिढीत दरोडेखोर म्हणून नोंदवले गेले, ही घटना या मुलखाच्या इतिहासातली निर्णायक घटना आहे. सिद्धगडाने पुढे याच परंपरेला नवी धार दिली. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी त्या गडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले, आणि त्यांच्या आझाद दस्त्याला तोवर लपवले आणि जगवले ते याच डोंगरातल्या वस्त्यांनी.

व्यापाराची वाट मात्र त्याआधीच हलली होती, आणि ती कशी हलली हे फार कमी जणांना ठाऊक असते. जी. आय. पी. रेल्वेचा मूळ आराखडा सह्याद्री ओलांडण्यासाठी माळशेज घाटाचा विचार करीत होता. म्हणजे लोहमार्ग मुरबाडवरून गेला असता. पुढे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या पाहणीनंतर माळशेज सोडून दिला गेला आणि बोर घाट व थळ घाट असे दोन मार्ग ठरले. कल्याणहून निघालेली गाडी १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत, १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत आणि १ जानेवारी १८६५ रोजी घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, बोगदे, आणि एहेगावच्या दरीवरचा सुमारे १९० फूट उंचीचा पूल. थळ घाटाची जुनी वाट लोखंडाची झाली आणि शहापूर तालुका देशाच्या मुख्य मार्गावर आला. मुरबाड बाजूला पडला. नाणेघाटात ओझ्याचे बैल दिसेनासे झाले ते कड्यात काही बदल झाला म्हणून नव्हे. मालाला सोपा रस्ता मिळाला म्हणून. ज्याला आज आपण ‘निवांत’, ‘अस्पर्श’ म्हणून नावाजतो तो मुरबाडचा डोंगर प्रत्यक्षात वापरातून काढलेला रस्ता आहे. निसर्गप्रेमींना हे कदाचित रुचणार नाही, पण नाणेघाटाची शांतता १८६५ नंतरची आहे.

जुनी ये-जा पूर्ण मेली असेही नाही. म्हसा इथली खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिचा जीव आहे तो बाजारात: बैलबाजार आणि घोंगड्या. कोकणातला शेतकरी बैल पाहायला येतो, घाटावरचा घोंगडी घेऊन उतरतो. देवदर्शन, करमणूक, खरेदी आणि सोयरीक हे सारे एका मैदानावर. पर्यटनाच्या पुस्तिकेत म्हशाला सहसा दोन ओळी मिळतात, माळशेजला दोन पाने. मला हे उलटे वाटते. किनारा आणि पठार यांची गाठ कशी पडत आली, हे ज्याला उघड्या डोळ्यांनी पाहायचे आहे त्याने म्हशाचा बाजार पाहावा. तिथे पाहुणा आणि यजमान दोघेही आपापल्या कामाने आलेले असतात आणि दोघांच्याही पदरात काही पडते.

आता सर्वांत वजनदार हरकत. सौंदर्याला वाटेची गरज असते का? धबधबा कोसळतो तो कुणाच्या व्यापारासाठी नाही, आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अंतर्वक्र आहे तो कुणी जकात घ्यावी म्हणून नाही. खरे आहे. पण सौंदर्य असणे वेगळे आणि ते पाहण्याजोगे ठिकाण होणे वेगळे. एक उदाहरण फार बोलके आहे. नाणेघाटातला लेख आधुनिक जगासमोर आणला तो कर्नल विल्यम साइक्स यांनी, १८२८ च्या सुमारास. कोकणकड्यावरून दिसणाऱ्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याची, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो, नोंद करणारेही हेच साइक्स. पण हा माणूस या कड्यांवर आला होता तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून. दख्खनचे उत्पन्न, हवामान, लोक आणि रस्ते मोजणे हे त्याचे काम होते. काम करता करता त्याला लेख दिसला आणि इंद्रवज्रही दिसले. शिवाय तो कड्यावर पोहोचला तो आधीच मळलेल्या वाटेने. आपल्याच काळातले उलट उदाहरण विहीगावचे. कसाऱ्याजवळचा तिथला धबधबा २००१ च्या ‘अशोका’ चित्रपटानंतर ‘अशोका धबधबा’ झाला. पाणी तेच, कातळ तोच. चित्रपट आणि मुंबई-नाशिक महामार्गाची जवळीक यांनी त्याचे ठिकाण केले. तेव्हा सौंदर्य निसर्गाचे, हे मान्य. ठिकाण मात्र नेहमी रस्ता घडवतो, आणि रस्ता म्हटला की त्याची किंमत कोण भरतो हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शहापूरने एकदा फार कडू चाखले आहे. १८९२ मध्ये तानसा धरण बांधले गेले आणि तालुक्याचे पाणी नळाने मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसा आले. मुंबईची तहान भागवणाऱ्या या तालुक्यात आजही दर उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्यात आहे. ज्या जंगलाने मुंबईचे पाणी राखले त्याच जंगलातल्या पाड्यावर हंडे रिकामे. पर्यटनाची गत पाण्यासारखी होऊ नये, एवढीच भीती आहे. चिन्हे मात्र तशीच आहेत. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी गाड्या माळशेजच्या वळणांवर अडकतात, अपघात होतात, मग जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढते. आदेशाने भजी-चहाची टपरी बंद होते, वाटाड्याचा रोज बुडतो. आणि कड्यावरून कुणी घसरले की दोर घेऊन आधी धावतात ते गिर्यारोहक मंडळी आणि पायथ्याच्या गावचे तरुण. राखण आजही तेच करतात. फक्त तिला आता ना वेतन आहे, ना अधिकार.

कुणी म्हणेल, गावकऱ्यांना पैसा मिळतोच की. जेवण, मुक्काम, वाटाड्याची मजुरी. मिळतो, आणि देहरी-डेहण्यासारख्या गावांतल्या काही घरांना त्याने हातभार लागला आहे हे मी नाकारत नाही. पण पोहे विकून मिळालेले पैसे आणि वाटेतला वाटा यांत अंतर आहे. पोहे विकणारा दुसऱ्याच्या वाटेवरचा विक्रेता असतो. वाटा असणारा वाटेचा धनी असतो. किती माणसे वर सोडायची, कोणत्या दिवशी वाट बंद ठेवायची, टाकी कधी उपसायची, लेखाच्या भिंतीवर खडूने नाव लिहिणाऱ्याला काय दंड करायचा, हे धनी ठरवतो. आज हे ठरवणारे कार्यालय जिल्ह्याच्या गावी, पुरातत्त्वाचे आणखी कुठे, वनखात्याचे वेगळे, आणि नाणेघाटाच्या बाबतीत तर पायथा ठाणे जिल्ह्यात आणि गुहा पुणे जिल्ह्यात. काचेचा पूल बांधा, दर्शक सज्जा बांधा अशा घोषणा माळशेजसाठी अधूनमधून होतात. कड्यावर सज्जा बांधायला माझा तत्त्वतः विरोध नाही. सातवाहनांनीही कातळ फोडलाच होता. त्यांनी प्रतिमांच्या जोडीला पाण्याची टाकीही खोदली, हे मात्र घोषणा करणाऱ्यांनी विसरू नये.

उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण कायदा अर्धी वाट चालून आलेला आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभांना आपल्या साधनसंपत्तीबद्दल बोलण्याचा हक्क दिला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा मार्ग मोकळा केला. घाटवाट, तिच्यावरची टाकी, गुहा आणि पायथ्याचे जंगल हे सारे एका ग्रामसभेच्या किंवा घाटाच्या दोन्ही टोकांच्या ग्रामसभांच्या संयुक्त देखरेखीखाली आणावे, येणाऱ्याकडून ठरावीक प्रवेशआकार घ्यावा, त्यातून टाकी साफ व्हावीत, वाटाड्यांना विमा मिळावा, बचावाचा दोर आणि स्ट्रेचर गावातच असावे. पुरातत्त्व खाते लेख सांभाळील, वनखाते झाडे सांभाळील. वाट सांभाळणारा मात्र वाटेवरचाच हवा. ग्रामसभांत गटबाजी होईल, हिशेबाला पाय फुटतील, ही शंका खरी आहे. पण तीच शंका प्रत्येक सरकारी खात्याबद्दलही घेता येते, आणि ग्रामसभेचा हिशेब निदान गावाच्या चावडीवर विचारता येतो.

हे होईपर्यंत वाचकाच्या हातात असलेली गोष्ट साधी आहे. नाणेघाटाला जायचे झाल्यास जुन्नरकडून गाडीने माथ्यावर न उतरता वैशाखऱ्याकडून पायी चढा. गावातला वाटाड्या घ्या आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या. गोरखगडावर टाक्यातले पाणी प्यायचे असते, त्यात पाय धुवायचे नसतात. आणि गावाने पायथ्याशी पावती फाडली, तर ती आनंदाने घ्या. त्या वाटेवर तो आकार फार जुना आहे.